पारायणवग्गातील ‘शांती’ : बावरीच्या शिष्यांचे प्रश्न आणि पिंगियाचे परतणे

सुत्तनिपाताचा पाचवा व अखेरचा वग्ग ‘पारायण’ या नावाने ओळखला जातो. गोदावरीच्या तीरी आश्रम करून राहिलेल्या बावरी नामक वृद्ध ब्राह्मणाचे सोळा शिष्य उत्तरेस जाऊन बुद्धास प्रश्न विचारतात आणि बुद्ध त्यांस उत्तरे देतो, इतकाच या वग्गाचा विषय. दक्षिणापथातून मनाच्या शांतीसाठी कोणी बुद्धाकडे गेल्याचा याहून जुना वाङ्मयीन दाखला सापडणे कठीण आहे. असे असूनही या वग्गाचे नाव निघते ते बहुधा प्राचीन मार्गांचा पुरावा म्हणून. शिष्यांनी विचारले काय, आणि त्यांना मिळाले काय, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या प्रश्नावर आहे. तथापि मार्गाची गोष्टही सर्वस्वी टाळता येत नाही, कारण तीतच एक अर्थपूर्ण मौन दडलेले आहे.

वग्गाच्या प्रास्ताविक गाथांत, ज्यांस ‘वत्थुगाथा’ म्हणतात, शिष्यांच्या प्रवासातील स्थळे क्रमाने दिली आहेत. अळकाचे पतिट्ठान हे पहिले, त्यानंतर माहिस्सती, मग उज्जेनी, गोनद्ध, वेदिसा, वनसव्हय, कोसंबी, साकेत आणि सावत्थी. तेथे बुद्ध न भेटल्याने मंडळी सेतव्य, कपिलवत्थु, कुसिनारा, पावा, भोगनगर, वेसाली अशी फिरत शेवटी मगधात पासाणक चैत्यापाशी पोहोचतात. पतिट्ठान म्हणजे पैठण. माहिस्सती म्हणजे महेश्वर म्हणा वा ओंकार-मांधाता म्हणा, नर्मदाकाठचेच नगर. या दोन नावांच्या मध्ये गाथेत एक शब्दही नाही. प्रत्यक्षात मात्र तेथे अजिंठ्याचे डोंगर आहेत, तापीचे विस्तीर्ण खोरे आहे, सातपुड्याच्या रांगा आहेत. तापी ओलांडल्यावाचून पैठणहून नर्मदेवर जाता येत नाही, आणि सातपुडा टाळूनही जाता येत नाही. म्हणजे आज ज्यास खानदेश म्हणतात तो सारा मुलूख दोन नगरांच्या नावांमधील रिकाम्या जागेत गडप झालेला आहे.

तापी आणि नर्मदा या दोन्ही नद्या आपल्या पोटाशी धरणारा महाराष्ट्रातील जिल्हा म्हणजे नंदुरबार. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली आणि लोहयुगीन थरात उत्तरेकडील काळ्या झिलईच्या मृद्भांड्यांचे तुकडेही मिळाले. गंगेच्या खोऱ्याशी तापीकाठचा संपर्क किती जुना आहे, हे या खापरांवरून कळते. एवढ्यावरून बावरीचे शिष्य प्रकाश्याच्या उतारावरून गेले असे म्हणण्याचा मोह कोणास झाला तर तो आवरला पाहिजे. पैठण-महेश्वर ही वाट अधिक पूर्वेकडून गेलेली असण्याचाच संभव जास्त. प्रकाशे हे भडोचकडे उतरणाऱ्या वाटांना अधिक जवळचे. स्थानिक अभिमानाने वाङ्मयीन पुराव्यास वाकविणे उपयोगाचे नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. वत्थुगाथांच्या कर्त्याला नगरे दिसतात, अरण्य दिसत नाही. राजांची आणि श्रेष्ठींची ठाणी आठवतात, सातपुड्यातील माणसे आठवत नाहीत. २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के वस्ती अनुसूचित जमातींची भरली, त्या जिल्ह्याच्या बाजूने हा वग्ग वाचणाऱ्यास ही गोष्ट प्रथम जाणवते. शांतीची वाट ज्यांच्या रानातून गेली, ते त्या वाटेच्या कथेत नाहीत.

वत्थुगाथा आणि नंतरचे सोळा प्रश्न यांत कालाचे व वृत्तीचे अंतर आहे. चुल्लनिद्देस ही सुत्तनिपाताच्या काही भागांवरील प्राचीन टीका तिपिटकातच समाविष्ट आहे. तीत पारायणातील प्रश्नांवर भाष्य आहे, वत्थुगाथांवर नाही. शिवाय संयुत्त आणि अंगुत्तर निकायांत पारायणातील अजित, पुण्णक, उदय यांच्या प्रश्नांचे नावानिशी उल्लेख येतात. बावरीच्या कथेचा आधार तेथे घेतलेला नाही. यावरून प्रश्न आधीचे आणि कथा मागाहून जोडलेली, हे अनुमान सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. सुत्तनिपातातील काही भाग फार जुने आहेत या मतास आणखी एक आधार आहे. अशोकाच्या भाब्रू येथील लेखात ज्या धम्मपर्यायांची नावे आहेत त्यांपैकी काही सुत्तनिपातातील प्रकरणांशी जुळतात, हे धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ मध्ये दाखविले. सुत्तनिपाताचा मराठी अनुवादही त्यांचाच.

कथा मागाहूनची म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. उलट, ती जोडणाराने प्रश्नांचे मर्म नेमके ओळखले होते असे दिसते. बावरी हा मूळचा कोसल देशचा. तेथून तो दक्षिणापथात येतो, अस्सकाच्या राज्यात अळकाजवळ गोदावरीकाठी राहतो. (अश्मक, मूळक आणि माहिष्मतीचा अनूप देश ही नावे नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखातही एकत्र येतात, तेव्हा या भूगोलाची जाण दक्षिणेत पुढेही टिकली होती.) बावरी मोठा यज्ञ करतो व सर्वस्व वाटून टाकतो. यज्ञ आटोपल्यावर एक दुसरा ब्राह्मण येतो. पाय सुजलेले, दात मळलेले, डोक्यावर धूळ. तो पाचशेंची मागणी करतो. बावरीपाशी काही उरलेले नसते. तेव्हा, सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील, असा शाप देऊन तो जातो. बावरी अन्नपाणी टाकून झुरणीस लागतो. ध्यानात त्याचे मन रमेनासे होते.

येथे थोडे थांबणे अवश्य आहे. ज्याने नुकताच महायज्ञ केला, जो वेदांत पारंगत आहे, ज्याच्यापाशी शिष्यांचा मेळा आहे, त्याची शांती एका भिकाऱ्याच्या शब्दाने ढळते. कर्मकांडाने जी शांती मिळविली होती ती किती पातळ होती हे कथाकाराने एका प्रसंगात उघडे केले आहे. मराठीत ‘शांत’ करणे, ‘शांत’ घालणे असे प्रयोग आहेत; उदकशांत, वास्तुशांत, ग्रहशांत ही नावे घरोघरी परिचयाची आहेत. या प्रयोगांतील शांती ही बाहेरून येणाऱ्या कोपाची समजूत घालण्याची क्रिया आहे. बावरीला हवी आहे ती हीच शांत. शापावर उतारा हवा आहे. पण त्याच्या मदतीस आलेली देवता उतारा देत नाही. शाप देणारा तो मनुष्य धनलोभी ढोंगी असून मस्तक म्हणजे काय आणि मस्तकपात म्हणजे काय हे त्यास ठाऊक नाही, एवढेच ती सांगते. भीतीचा विषय बदलून ती प्रश्नाचा विषय होतो. ‘माझे डोके फुटेल काय’ याच्या जागी ‘डोके म्हणजे काय’ हा प्रश्न येतो. पुढे बुद्ध जे उत्तर देतो ते या बदलाला साजेसेच आहे: अविद्या हे मस्तक, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी यांनी युक्त विद्या ही ते फोडणारी. ज्याच्या फुटण्याचे भय होते त्याचे फुटणेच इष्ट ठरते. शापाचे शब्द तेच राहिले आणि त्यांचा धाक गेला. संपूर्ण तिपिटकात रूपकाचा इतका मार्मिक उपयोग फार थोड्या ठिकाणी आढळेल.

या कथेत कथाकाराची हौसही दिसते, ती लपविण्याचे कारण नाही. बत्तीस लक्षणे, मनातल्या मनात विचारलेले प्रश्न बुद्धाने ओळखणे, बावरीचे एकशेवीस वर्षांचे वय, ही सारी चमत्काराची सामग्री प्रश्नांच्या आरंभापाशी येऊन एकदम संपते. पुढे सोळा प्रश्नांत चमत्कार नाही. भाषा उघडी, प्रश्न उघडे.

सर्व प्रश्नांचा येथे परामर्श घेण्याचे प्रयोजन नाही; तिस्स मेत्तेय्य, हेमक, तोदेय्य, पोसाल यांचे संवाद लहान आहेत आणि एकमेकांचे प्रतिध्वनी वाटतात. मात्र पुण्णक, धोतक, कप्प आणि मोघराज यांचे प्रश्न प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पुण्णक विचारतो की ऋषी, क्षत्रिय, ब्राह्मण देवतांस यज्ञ अर्पण करतात ते कशासाठी, आणि त्या योगे ते जन्मजरा तरून जातात काय. उत्तर नकारार्थी आहे. हा प्रश्न करणारा बावरीच्या यज्ञमंडपातून आलेला आहे हे ध्यानात घेतले म्हणजे वत्थुगाथा जोडणाराचे कौशल्य पटते. कप्पाला महापुराच्या मध्यात उभ्या राहिलेल्या माणसांसाठी बेट हवे आहे. त्यास सांगितलेले बेट म्हणजे काही आपले नसणे, काही न धरणे. मोघराजाला पहिल्या दोन वेळा उत्तरच मिळत नाही. तिसऱ्यांदा मिळते ते असे की जगाकडे शून्य म्हणून पाहावे, आत्मदृष्टी उपटून टाकावी. आणि धोतक! त्याने केलेली विनवणी ही शांतीच्या शोधात गुरू शोधणाऱ्या सर्व काळातील माणसांची विनवणी आहे: मला संशयातून सोडवा. बुद्ध म्हणतो की संशयात पडलेल्या कोणालाही सोडविणे माझ्याने होणार नाही. श्रेष्ठ धर्म जाणशील तर तूच ओघ तरशील. त्यानंतर धोतक शांतीचा उपदेश मागतो, आणि त्यास जी शांती सांगितली जाते ती ऐकीव नसलेली, याच आयुष्यात प्रत्यक्ष होणारी, अशी आहे.

आज ‘बौद्ध धर्म हा अंतःशांतीचा मार्ग’ असे म्हटले जाते तेव्हा धोतकाच्या या उत्तराचा उत्तरार्धच बहुधा डोळ्यांपुढे असतो. सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरत आली आहेत आणि सहस्रावधी मराठी माणसे तेथे दहा दिवस मौन पाळून आली आहेत. त्या साधनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रत्यक्षानुभवावरील तिचा भर पारायणाशी सुसंगतच आहे. परंतु पारायण हे मौनाचे नव्हे, प्रश्नांचे वाङ्मय आहे. त्यातील प्रत्येक शिष्य बोलून शांत होतो. आपल्या अस्वस्थतेला तो नाव देतो, ती दुसऱ्यासमोर मांडतो, उत्तर अपुरे वाटले तर पुन्हा विचारतो. मनःशांती म्हणजे प्रश्न मिटविणे, असा जो समज रूढ आहे त्यास या वग्गात आधार नाही.

‘पारायण’ या शब्दाचीही मराठीत गंमत झाली आहे. मूळ अर्थ पैलतीरी जाणे. मराठीत तो ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्यास लागला, आणि गुरुचरित्राच्या वा ज्ञानेश्वरीच्या पारायणाने घराघरांत रुळला. अंगुत्तर निकायात नंदमाता नावाची एक उपासिका पहाटे उठून पारायणातील गाथा म्हणते असा प्रसंग आहे. ती घरधनीण आहे, भिक्षुणी नव्हे. म्हणजे पारायणाचे ‘पारायण’ करण्याची रीत तिपिटकाइतकी जुनी ठरते, आणि ती सोळा ब्राह्मण पुरुषांच्या प्रश्नांना एका गृहिणीच्या पहाटेपर्यंत आणून सोडते.

पारायणाचा मराठी अनुवादक स्वतः या वाटेवरचा प्रवासी होता, ही गोष्ट योगायोगाची असली तरी अभ्यासास उपकारक आहे. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. गोव्यातील साखवाळ येथील एक तरुण ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धाविषयीच्या लेखाने भारावतो, मनाच्या तळमळीने हैराण होतो आणि १८९९ च्या अखेरीस घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता आणि अखेर सिंहलद्वीप, अशी त्याची वाट. काशीत अन्नछत्रावर जेवून संस्कृत शिकणे, नेपाळात बौद्ध धर्माची दुर्दशा पाहून निराश होणे, १९०२ मध्ये सिंहलद्वीपात सुमंगलाचार्यांच्या विद्यालयात प्रवेश मिळून श्रामणेर होणे, हे सारे ‘निवेदना’त अलंकारावाचून सांगितले आहे. त्या अनलंकृत कथनाचा ठसा मराठी आत्मचरित्रात वेगळाच उमटतो. मात्र घर सोडताना मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. ‘निवेदना’चा लेखक हे लपवीत नाही, पण त्या दोघींच्या बाजूने त्या वर्षांकडे पाहण्याची उसंत त्या कथनात फारशी नाही, हे त्याचे उणेपण मान्य केले पाहिजे. शोधणाऱ्याची तळमळ जेवढी स्पष्ट, तेवढीच मागे राहिलेल्यांची अवस्था अंधुक.

या ठिकाणी पिंगियाकडे वळणे प्राप्त होते. सोळांत तो अखेरचा. आपण जराजर्जर झालो आहोत, दृष्टी मंदावली आहे, कानांनी नीट ऐकू येत नाही, मोहातच मरण येऊ नये, एवढेच त्याचे मागणे. संवाद संपल्यावर तो परत बावरीकडे येतो, आणि वग्गाचा उपसंहार त्याच्या तोंडचा आहे. लहान झुडपे सोडून फळांनी भरलेल्या अरण्यात आलेल्या पक्ष्याची उपमा तो स्वतःस देतो. अशा गुरूपासून तू क्षणभर तरी दूर का राहतोस, या प्रश्नावर तो सांगतो की आपण दूर नाहीच. शरीर थकले आहे म्हणून ते जाऊ शकत नाही, मन मात्र रात्रंदिवस तेथेच आहे. वग्गातील अत्यंत हृद्य असा हा भाग आहे.

अट्ठकथाकारांची पिंगियाविषयीची भूमिका मात्र विलक्षण आहे. त्यांच्या मते पिंगिय हा बावरीचा भाचा. इतर पंधरा जण बुद्धवचन ऐकताच अर्हत झाले, पिंगिय तेवढा एक पायरी खाली, अनागामी, राहिला. कारण? उपदेश चालू असता त्याच्या मनात आले की असले अपूर्व व्याख्यान आपल्या मामाला ऐकावयास मिळाले नाही. मामाच्या स्नेहाने त्याचे चित्त विचलित झाले, म्हणून तो मागे पडला. टीकाकाराच्या हिशोबात स्नेह ही त्रुटी आहे.

गाथा स्वतः मात्र असे काही म्हणत नाहीत. आणि वग्गाची रचना पाहता टीकाकाराचा निवाडा उलटविण्यास भक्कम आधार आहे. पंधरा शिष्य शांत झाले आणि कथेतून नाहीसे झाले. ज्याचे मन मामाकडे गेले तोच परतला, आणि त्याच्या परतण्यामुळेच गोदावरीकाठी बसलेल्या बावरीला उत्तर मिळाले. तो न परतता तर बावरीच्या दृष्टीने सारा प्रवास व्यर्थ होता. म्हातारा, अंधुक दृष्टीचा पिंगिय सातपुडा चढून उतरतो, नर्मदा आणि तापी दुसऱ्यांदा ओलांडतो, ते ज्या ओढीमुळे, त्या ओढीला अपूर्णता म्हणणे हे मठात बसून केलेले गणित आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे चार प्रश्न मांडले त्यांतील शेवटचा नेमका येथेच लागू पडतो. भिक्षू हा स्वतःच्या पूर्णत्वासाठी झटणारा आदर्श पुरुष की लोकसेवक, असा तो प्रश्न. केवळ पूर्ण पुरुष असेल तर धम्माच्या प्रसारास त्याचा उपयोग नाही, असा त्यांचा रोख आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी कुशिनाऱ्याच्या चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि लगोलग लक्षावधी अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये, बाहेर पडला. धम्म हा मूलतः माणसामाणसातील व्यवहाराचा, म्हणून सामाजिक, ही त्या ग्रंथाची मध्यवर्ती भूमिका. तीमुळे अंतःशांतीचा विषय आंबेडकरांनी बाजूस सारला, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. हा आक्षेप वरवरचा आहे. बावरीची अशांती शापाच्या धाकातून, म्हणजे दुसऱ्या माणसाने शब्दाच्या बळावर बसविलेल्या भीतीतून, उत्पन्न झाली होती. ज्या समाजांनी पिढ्यानुपिढ्या अशा शब्दांचा धाक सोसला, त्यांच्या मनःशांतीचा आरंभ तो शब्द खोटा आहे हे कळण्यातच होणार. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांतील नकारांचा कठोर स्वर या दृष्टीने वाचला म्हणजे तो बावरीच्या देवतेच्या स्वरापासून फार दूर वाटत नाही.

कोसंबी आणि आंबेडकर यांची वाचने परस्परविरुद्ध आहेत, अशीही एक सोयीची मांडणी आढळते: एकाचा बुद्ध साधकाचा, दुसऱ्याचा समाजाचा. तीही टिकत नाही. सुत्तनिपातातीलच अत्तदंड सुत्तात बुद्ध आपल्या संवेगाचे कारण सांगतो. आटत्या पाण्यातील मासळीसारखी तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी प्रजा पाहून आपणांस भय उपजले, असा त्याचा आशय आहे. कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून झालेल्या वैराग्याची रूढ कथा बाजूस ठेवली, ती याच सुत्ताच्या बळावर. आंबेडकरांनी शाक्य आणि कोलिय यांच्या रोहिणीच्या पाण्यावरील कलहास गृहत्यागाचे कारण केले. दोघांच्या बुद्धाची अशांती माणसांच्या भांडणातून उगवते. मात्र दोघांनी पारायणापेक्षा अत्तदंडावर अधिक भार दिला, हेही खरे. आणि त्यामुळे पिंगियासारख्या थकलेल्या, केवळ मृत्यूपूर्वी मोहमुक्त होऊ इच्छिणाऱ्या माणसाला दोन्ही मांडण्यांत थोडी कमी जागा मिळाली. सामाजिक अन्याय नाहीसा झाला तरी दृष्टी मंदावतच राहणार. पिंगियाचे मागणे कोणत्याही राज्यघटनेने पुरे होणारे नाही, आणि म्हणून त्यास पळपुटेपणा म्हणणेही न्यायाचे नाही.

कोसंबींच्या चरित्राचा उत्तरार्ध पाहता तेही परतणाऱ्यांपैकीच ठरतात. कलकत्ता विश्वविद्यालयातील अधिक वेतनाची जागा सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले, ते महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता यावे म्हणून. हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी ते अनेकदा गेले आणि प्रत्येक वेळी परत आले. १९३७ च्या सुमारास परळच्या गिरणी वस्तीत बहुजन विहार उभा राहिला, तो त्यांच्याच खटपटीने. पुढे पत्नीशी त्यांची भेट झाली, संसार पुन्हा मांडला गेला. ‘निवेदन’ वाचताना पहिल्या प्रवासाची तळमळ वाचकाच्या मनात घर करते. या परतण्याचे मोल त्याच्या ध्यानात येते ते पुस्तक मिटल्यावर.

पारायणवग्गाच्या उपसंहारात अखेरीस बुद्धाची वाणी ऐकू येते. वक्कली, भद्रावुध, आळवी गोतम यांच्याप्रमाणे तूही श्रद्धा मोकळी सोड, असे तो पिंगियास सांगतो. बावरीचे पुढे काय झाले हे गाथा सांगत नाहीत. ते अट्ठकथेने भरून काढले आहे. जातानाच्या वाटेवरील नगरांची एवढी लांबलचक यादी देणाऱ्या या वग्गात पिंगियाच्या परतीच्या वाटेवरील एकाही गावाचे नाव नाही.